स्टेशन तटाच्या आत की बाहेर?

लंडनहून सकाळी रेल्वेने निघून रात्री जेवायला घरी परतता येईल आणि गावाभोवतीचा तटही शाबूत असेल, अशा गावांची यादी फार मोठी होत नाही. गेल्या नोव्हेंबरात बाबा माझ्याकडे आले होते, तेव्हा मी ती केली. चेस्टरची तटबंदी जवळजवळ सलग आहे, सुमारे तीन किलोमीटरची. पण तिथलं स्टेशन तटापासून बरंच लांब. वेल्समधलं कॉन्वी सगळ्यांत देखणं. पहिल्या एडवर्डने १२८३ ते १२८७ या चार वर्षांत किल्ला आणि गावकूस दोन्ही उभं करून घेतलं. एकवीस बुरूज आजही आहेत. पण तिथे एका दिवसात जाऊन यायचं तर दिवस गाडीतच संपणार. उरलं यॉर्क. किंग्ज क्रॉसहून थेट गाडी, साधारण दोन तास.

बाबा पश्चिम रेल्वेत लोकलवर गार्ड होते. विरार-चर्चगेट, चर्चगेट-बोरिवली, असं आयुष्य गेलं. यॉर्कचं नाव काढल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "स्टेशन तटाच्या आत आहे की बाहेर?"

मला वाटलं गुडघ्यामुळे विचारतायत. म्हटलं, "बाहेर, पण अगदी लागून. पाच मिनिटं चालायचंय."

"पूर्वीपासून बाहेरच?"

याचं उत्तर मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. ते शोधता शोधता सहलीचा आराखडा बाजूला राहिला.

यॉर्क हे रोमनांनी इसवी सन ७१ मध्ये वसवलेलं छावणीचं गाव. ३०६ साली कॉन्स्टंटाइनला सैन्याने सम्राट घोषित केलं ते इथेच. आज आपण ज्याच्यावरून चालतो तो तट मात्र बहुतांशी तेराव्या-चौदाव्या शतकातला, मातीच्या उंच बांधावर रचलेला, सुमारे ३.४ किलोमीटर. त्याला चार मोठ्या वेशी. इथली एक गंमत आधीच सांगून ठेवते, नाहीतर नकाशा हातात घेऊन माणूस चक्रावतो. यॉर्कात रस्त्याला 'गेट' म्हणतात आणि वेशीला 'बार'. ८६६ मध्ये व्हायकिंगांनी गाव जिंकलं, त्यांच्या भाषेत 'गाटा' म्हणजे रस्ता. तो शब्द गल्लोगल्ली चिकटून राहिला. म्हणून मिकलगेट हा रस्ता, आणि त्याच्या तोंडाशी मिकलगेट बार ही वेस. याच वेशीवर १४६० साली यॉर्कच्या ड्यूकचं, रिचर्डचं, शिर कागदी मुकुट चढवून टांगलं होतं.

एकोणिसावं शतक उजाडलं तेव्हा हा तट कोणालाच नको होता. ढासळलेला, डागडुजीला महाग, गाड्यांना अडचण करणारा. १८०० साली खुद्द नगरपालिकाच तो पाडायची परवानगी मागत होती. विरोध झाला, सगळा तट वाचला नाही तरी बराचसा वाचला. वेशींपुढची दगडी आवारं होती, ती चारपैकी तीन ठिकाणी पाडली गेली. फक्त वॉमगेट बारचं उरलं. विल्यम एटी नावाचा चित्रकार मूळचा यॉर्कचा. नग्नचित्रांसाठी बदनाम होता. तो तटासाठी हिरिरीने भांडला. आज त्याचा पुतळा गावच्या चित्रसंग्रहालयासमोर आहे.

आणि मग आली रेल्वे. जॉर्ज हडसन हा यॉर्कचा कापडविक्या, पुढे महापौर, पुढे 'रेल्वे किंग'. त्याला स्टेशन गावातच हवं होतं. १८४१ मध्ये ते झालं, तटाच्या आत. रूळ आत न्यायला तटाला कमान पाडली, गॉथिक धाटणीची, म्हणजे जुन्यात नवं उठून दिसू नये. हडसनचे हिशेब १८४९ मध्ये उघडे पडले आणि राजा गेला. कमान राहिली.

आतल्या स्टेशनाची अडचण अशी की ते शेवटचं स्टेशन होतं, पण यॉर्क काही शेवटचं गाव नव्हतं. लंडनहून न्यूकॅसलला, पुढे स्कॉटलंडला जाणारी गाडी तटातून आत यायची आणि आल्या वाटेनेच उलटी बाहेर पडायची. हे छत्तीस वर्षं चाललं. १८७७ मध्ये तटाबाहेर नवं स्टेशन बांधलं, वळणदार लोखंडी छताचं, तेच आजचं.

हे मी बाबांना गाडीत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दर गाडीला इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं. एवढ्या शंटिंगला माणसं किती लागत असतील!"

माझा बेत असा होता: अकराला मिकलगेट बारवर चढायचं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाऊण प्रदक्षिणा, बूथम बार ते मंक बार हा कॅथीड्रलच्या मागून जाणारा सर्वांत सुंदर तुकडा दुपारच्या उन्हात, मग जेवण. अंधार पडायच्या सुमारास तट बंद करतात आणि नोव्हेंबरात चारलाच अंधारतं. त्यामुळे वेळापत्रक घट्ट होतं. प्रत्यक्षात मिकलगेटचे अरुंद जिने चढायलाच दहा मिनिटं गेली. काही ठिकाणी तटाला आतल्या बाजूने कठडा नाही. बाबा भिंतीला हात लावत हळूहळू निघाले आणि स्टेशनाच्या समोर आल्यावर थांबले ते थांबलेच.

तिथून दोन्ही स्टेशनं दिसतात. डाव्या हाताला, तटाबाहेर, चालू असलेलं. उजव्या हाताला, आत, १८४१चं. त्या वास्तूत २०१३पासून नगरपालिकेची कचेरी आहे. पायाखाली कमानी, त्यांच्याखालून आता रूळ जात नाहीत. आणि बाहेरच्या उतारावर, स्टेशनाच्या अगदी तोंडाशी, हिरवळीत थोडे कलंडलेले दगड. १८३२च्या पटकीत यॉर्कात १८५ माणसं मेली, त्यांतल्या अनेकांना गावाबाहेर म्हणून इथे पुरलं. स्टेशन आलं ते नंतर.

बाबा तिथे चाळीस मिनिटं उभे होते. मी दोनदा घड्याळ पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मी इतकी वर्षं चर्चगेटला जायचो. त्याचं गेट कुठे होतं?"

हे मात्र मला सांगता आलं. मुंबईलाही कोट होता. १७१५च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बूनने तटाचं काम हाती घेतलं. अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट या तीन वेशी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इंग्रजांची झोप उडाली आणि कोटाभोवती खंदक खोदायचं ठरलं; गावातल्या व्यापाऱ्यांनीही त्याला पैसे दिले. म्हणजे तो खंदक आपल्याच भीतीने खोदलेला. १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्याची गाडी सुटली ती बोरीबंदरहून, कोटाच्या बाहेरून. तटाला कमान पाडावी लागली नाही, कारण दहाबारा वर्षांत तटच गेला. बार्टल फ्रियर १८६२ मध्ये गव्हर्नर झाला, अमेरिकेतल्या यादवीने मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि कोटाच्या आत दाटीने माणसांचा जीव गुदमरत होता. चर्च गेट होतं तिथे आज फ्लोरा फाउंटन आहे. चर्चगेट स्टेशन १८७०चं. म्हणजे ज्या वेशीचं नाव त्याला दिलं, ती आधीच पाडलेली होती आणि मुळात स्टेशनापासून दहा मिनिटं लांब होती.

गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचं, नेमकं या पाडापाडीच्या दिवसांतलं. कोट पाडला म्हणून गळा काढणं मला जमत नाही. मुंबईकडे तेव्हा पैसा होता, म्हणून तिने तट पाडून हवा घेतली. यॉर्कला गिरण्यांचा धूर लीड्ससारखा लाभला नाही, म्हणून तट पाडायची तितकी निकड पडली नाही, असं मला वाटतं. एटीच्या भांडणाला श्रेय आहेच, पण गरिबीलाही थोडं द्यावं. दिल्लीत आणखी तिसरंच झालं. १८५७नंतर जिंकलेल्या शहरात रेल्वे सलीमगडावरून थेट तटाच्या आत घातली. तिथे कमान गॉथिक असावी की नसावी हा प्रश्न कोणाला पडला नसणार.

दोन वाजले. कॅथीड्रलमागचा तुकडा राहिला, मंक बार राहिला. "पुढे जायचं का?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "गुडघा नको म्हणतोय. ते रेल्वे म्युझियम कुठेय म्हणालीस?" ते स्टेशनाच्या पलीकडेच आहे आणि मोफत. संध्याकाळ 'मॅलार्ड'समोर गेली, १९३८ मध्ये ताशी १२६ मैल पळालेलं वाफेचं इंजिन. बाबांनी त्याच्या चाकाची उंची स्वतःच्या खांद्याशी लावून पाहिली.

जानेवारीत त्यांचा मुंबईहून फोन आला. मी सांगितलं होतं की सीएसएमटीच्या मागे, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारात कोटाचा एक तुकडा उरलाय. ते बोरिवलीहून मुद्दाम गेले होते.

"आहे भिंत," ते म्हणाले. "पण सेंट्रलच्या बाजूला."