दहा फेब्रुवारीचा फलक

शाळेच्या दर्शनी भिंतीवर एक काळा फलक आहे. त्यावर रोज ‘आज का दिन’ लिहायचे काम मी मुख्याध्यापक झाल्यावरही सोडलेले नाही. शाळा हिंदी माध्यमाची, मुले बहुतेक भिल्ल, पाटीदार, राजपूत घरांतली. मजकूर मात्र मी उतरवून घेत असे तो घरच्या मराठी कॅलेंडरावरून. सवयीचा भाग, दुसरे काय!

काही वर्षांपूर्वी दहा फेब्रुवारीला मी लिहिले : ‘१९१०, लेखिका दुर्गा भागवत का जन्म, इंदौर.’ प्रार्थनेनंतर अमझेऱ्याकडचा एक मुलगा फलकापुढे रेंगाळला आणि म्हणाला, “सर, हमारे राजा का नाम नहीं लिखा?” मी खाली पाहिले. इतिहासात एम.ए. केलेला माणूस, आणि आपल्याच तहसिलीतला दिवस विसरलो होतो. दुपारी हिंदीच्या शिक्षकांनी विचारले, “ये दुर्गा भागवत कौन हैं?” म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला, पण लाज काही कमी झाली नाही.

अमझेरा म्हटले की आपल्या मराठी घरांत एकच गोष्ट निघते. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी चिमाजी आप्पांनी येथे मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पराभव केला, गिरधर बहादूर पडला आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले. आपण येथे का आहोत, याचे उत्तर बरेचसे त्या लढाईत आहे. पण अमझेऱ्याच्या लोकांची आठवण वेगळी आहे. त्यांचा नायक राठोड घराण्यातील राजा बख्तावरसिंह. १ जुलै १८५७ रोजी इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. ती बातमी येताच अमझेऱ्याच्या फौजेने जवळच्या भोपावरच्या इंग्रजी ठाण्यावर चाल केली. तेथला अधिकारी हचिन्सन कुटुंबासह झाबुआच्या आश्रयाला पळाला. पुढे पारडे फिरले. बख्तावरसिंह हाती लागले आणि १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदुरात त्यांना फाशी झाली. आज महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे त्या आवारातील कडुनिंबाशी लोक ती आठवण जोडतात. कितीतरी मराठी माणसे त्या रुग्णालयात नातलगाला भेटायला गेली असतील. मीही गेलो आहे, झाडाकडे न पाहता.

संस्थानाचे काय झाले, हेही सांगायला हवे, कारण त्यात आपलाही संबंध येतो. बंडानंतर इंग्रजांनी धारचे पवारांचे राज्यही खालसा केले होते. ते १८६० मध्ये बेरसिया परगणा वगळून परत मिळाले. अमझेरा मात्र परत मिळाले नाही. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांना देण्यात आले. फाशी राठोडांना झाली आणि मुलूख मराठी दरबाराला मिळाला. आपल्या घरांत ही गोष्ट फारशी का सांगितली जात नाही, याचे एक कारण मला येथे दिसते.

आणि बरोबर बावन्न वर्षांनी, त्याच तारखेला, त्याच शहरात दुर्गाबाई जन्मल्या. ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ ही नावे वाचकांना सांगायला नकोत. आपल्या भागाशी त्यांचे नाते नुसते जन्माचे नव्हते. मध्य प्रांतातल्या आदिवासींच्या लोकपरंपरांचा अभ्यास करीत हिंडताना त्यांना विषबाधा झाली आणि काही वर्षे आजारपणात गेली. १९७५ च्या डिसेंबरात, आणीबाणी ऐन भरात असताना, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष. त्या व्यासपीठावरून त्यांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करविली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली.

याच तारखेला जर्मनीत १८९८ साली ब्रेख्त जन्मला, पु.लं.चा ‘तीन पैशाचा तमाशा’ त्याच्याच नाटकावरून घेतलेला. रशियात १८९० साली पास्तरनाक जन्मला, ज्याला १९५८ मध्ये सरकारी दडपणाखाली नोबेल नाकारावे लागले. बख्तावरसिंहांच्या फाशीला तेव्हा शंभर वर्षे झाली होती. रशियातल्या जुन्या पंचांगाप्रमाणे त्याची जन्मतारीख २९ जानेवारी येते. तेव्हा तारखांच्या जुळणीत ग्रहयोग शोधणाऱ्यांनी जरा जपून! मला ही जुळणी उपयोगी पडली ती एवढ्यासाठी की, एकाच ओळीत लिहिलेली दोन नावे मुले विसरत नाहीत. हिंदी यादीत राजा असतो, मराठी यादीत दुर्गाबाई. दोन्ही याद्या समोर ठेवून वाचणारी माणसे आपल्याच घरांत आहेत, आणि आपणच एकीवर भागवतो.

पुढच्या वर्षी फलक लिहायला मी त्याच मुलाला बोलावले. अक्षर मोठे, हात सावकाश. ‘१८५८’ आणि ‘१९१०’ या दोन ओळींतच फलक भरला. ब्रेख्तला जागा उरली नाही.