‘सुहैली’ : मुंबईच्या सुतारांनी घडवलेली विश्वप्रदक्षिणा

एकट्या खलाशाने, कोठेही न थांबता केलेली जगातील पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ज्या नौकेतून झाली, ती मुंबईत बांधली गेली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

तिचे नाव ‘सुहैली’. इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हे नाव देत. लांबी अवघी ३२ फूट, लाकूड सागवान. आराखडा १९२०च्या दशकातला. सुतारांच्या हाती वाकस आणि दोरीने फिरणारा सामता. १९६४ साली ती पाण्यात उतरली, तेव्हा अशी शर्यत अस्तित्वातच नव्हती.

१४ जून १९६८ रोजी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तिला घेऊन इंग्लंडमधील फालमथहून ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत निघाले. नौका जड आणि मंद. तिच्यावर पैज लावणारे थोडेच असतील! अटलांटिकमध्ये तळाच्या फटींतून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी स्वतः बुडी मारून फटींत कापूस ठासला, त्यावर तांब्याची पट्टी ठोकली. पुढे स्वयंचलित सुकाणूयंत्रणा मोडली, रेडिओही बंद पडला. सागवान मात्र टिकले. निघालेल्या नऊ जणांपैकी शर्यत पूर्ण केली ती त्यांनी एकट्यानेच, ३१२ दिवसांत. नायजेल टेटली यांची वेगवान ट्रायमरान तर परतीच्या वाटेवर अटलांटिकमध्येच बुडाली.

२०१८ साली, पन्नास वर्षांनी, ही शर्यत जुन्याच साधनांनिशी पुन्हा झाली. नौदलाचे अभिलाष टॉमी ‘सुहैली’ची प्रतिकृती असलेल्या ‘थुरिया’तून उतरले; ती बांधली गोव्यात. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील वादळात तिची डोलकाठी मोडली. पाठीला जबर दुखापत झालेले टॉमी मदत येईपर्यंत, तीन दिवस, तिच्यातच पडून होते.