नळदुर्गचा पूल आणि पटावरचे 'जर-तर'

इतिहासात 'जर-तर'ला स्थान नसते, असे विद्यार्थ्यांना सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु युद्धपटाचा खेळ 'जर'वाचून सुरूच होत नाही. समोरासमोर दोन खेळाडू, मध्ये पट, दोन्हीकडे सैन्य, एवढे बुद्धिबळातही असते. प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी 1812 ते 1824 या काळात त्याला प्रत्यक्ष भूप्रदेश, फासे आणि पंच यांची जोड दिली. नदी, पूल, टेकडी यांना पटावर मोल आले. पुढे विज्ञानकथेचा एक जनक एच. जी. वेल्स याने 1913 मध्ये खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने मांडले. विज्ञानकथा आणि युद्धपट यांचे नाते असे जुने आहे.

या नात्यातून अलीकडे पर्यायी इतिहासाचे खेळ निर्माण झाले. 2010 मधील 'डस्ट टॅक्टिक्स' हा त्याचा ठळक नमुना. त्यात साल 1947 आहे, दुसरे महायुद्ध संपलेलेच नाही, आणि परग्रहावरील तंत्रज्ञानामुळे रणगाड्यांना पाय फुटले आहेत. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी कानाजवळून निघून जाते आणि पुढचा सारा इतिहास दुसऱ्या वाटेने चालू लागतो. इतिहासाला फाटा फुटतो ती जागा नेमकी शोधणे, हेच कथेचे आणि खेळाचे समान बीज होय.

अशी एक जागा आमच्या मराठवाड्यात आहे: सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे नळदुर्ग. बोरी नदीला कवेत घेणारा किल्ला, 1613 च्या सुमारास इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बांधलेला बंधारा, त्याच्या पोटातला पाणीमहाल आणि पलीकडचे रणमंडळ. पटाची रचना जणू तयारच आहे. 13 सप्टेंबर 1948 रोजी जनरल जयंतनाथ चौधरींच्या फौजा सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरल्या. त्या दिवशीची पहिली महत्त्वाची लढाई येथे झाली. समोर पहिली हैदराबाद इन्फंट्री होती. भारतीय सैन्याच्या सातव्या ब्रिगेडने वेगाने येऊन बोरीवरचा पूल शाबूत ताब्यात घेतला, आणि मग शीख पलटणीने नळदुर्गच्या ठाण्यांवर हल्ला केला.

तो पूल उडवला गेला असता तर? प्रश्न पोरकट नाही. हैदराबादने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे नेली होती, आणि 16 सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने ती विषयपत्रिकेवर घेतली. 17 तारखेला निजामाने युद्धविराम जाहीर केला. एकेका दिवसाला किंमत असताना रणगाडे बोरीकाठी अडकते, तर परिषदेपुढे चालू युद्धाचा प्रश्न आला असता. तरीही अंतिम निकाल फारसा बदलला नसता, असे आम्हास वाटते. चहूबाजूंनी भारतीय प्रदेशाने वेढलेले संस्थान किती दिवस तग धरणार?

येथेच खेळाची अडचण उघडी पडते. पटावर दोन्ही खेळाडूंना जिंकण्याची संधी हवी. इतिहास अशी समता पाळत नाही. म्हणून खेळ रचणारा दुबळ्या पारड्यात विज्ञानकल्पनेचे वजन टाकतो. चालते रणगाडे आणि परग्रहावरची यंत्रे बहुधा तराजूचे काटे जुळवण्यासाठी आलेली असतात. नारळीकरांच्या कथेत कल्पनेचे काम वेगळे आहे. तिथे लढाईचा निकाल हा आरंभ आहे; त्यानंतर राज्य कसे झाले, माणसे कशी जगली, याचा शोध गंगाधरपंत घेतात. खेळ जिथे संपतो तिथे कथा सुरू होते.

नळदुर्गच्या बाबतीत हा फरक जीवघेणा आहे. 1948 च्या पटावर दोनच बाजू नव्हत्या. लढाईपूर्वी रझाकारांच्या जुलमाने कित्येक गावे उठली, माणसे सरहद्दीपलीकडे आश्रयाला गेली. लढाईनंतर सूडाची लाट आली ती निरपराध मुसलमान कुटुंबांवर. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने कमीत कमी अंदाज म्हणून संस्थानभरात 27 ते 40 हजार बळींचा आकडा दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच तो 18 हजारांहून कमी नसावा, असे तिने नोंदवले. नळदुर्ग याच उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, आहे. हा अहवाल अनेक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांनी मारलेले आणि रझाकार समजून मारलेले, यांपैकी कोणासाठीही युद्धपटावर सोंगटी नसते.

मराठीतील पर्यायी इतिहासाची कल्पना पुन्हा पुन्हा पानिपताकडे वळते, हे स्वाभाविक आहे. त्या पराभवाचे दुःख आता दूरचे आणि सर्वांचे आहे. नळदुर्गचा विजय जवळचा आहे, म्हणून अवघड आहे. विद्यार्थ्यांनी या जागेवर कथा लिहिली, तर पूल उडवण्याची सोपी कल्पना त्यांनी टाळावी, असे आम्ही सुचवू. पूल शाबूत राहिला, तो तसाच राहू द्यावा. त्या पुलापलीकडची गावेही शाबूत राहिली असती, शेजारी शेजाऱ्याच्या दारात उभा राहिला असता, तर आजचा मराठवाडा कसा असता? या 'जर'साठी परग्रहावरील यंत्र लागत नाही.