वाढप्याची पळी

गोव्यातल्या कित्येक घरांत एखादा तारवटी असतो. इंग्रजांच्या काळी पी अँड ओच्या आगबोटींवर प्रवाशांना जेवण वाढायची चाकरी गोंयकार ख्रिस्ती तरुण करीत. बोट मिळेपर्यंत ते मुंबईत कुडांमध्ये राहत.

पुढे क्रूझवर बुफे आला आणि एकच पळी शेकडो हातांतून फिरू लागली. अमेरिकेतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ साली उलट्या-जुलाबांची साथ आली होती. तिचा विषाणू १९७२ साली सापडला. तोच हा नोरोव्हायरस. सॅनिटायझर त्याला पुरत नाही, साबण-पाणीच हवे.

अमेरिकेने १९७५ साली क्रूझ बोटींची स्वच्छता तपासणी सुरू केली. १०० पैकी ८६ गुण मिळाले तर बोट पास. गरम अन्न ५७ अंशांच्या खाली येता कामा नये. पोट बिघडलेल्या वाढप्याला बरे झाल्यावरही ४८ तास अन्नाला हात लावू देत नाहीत.

आणि साथ आली की? प्रवाशांच्या हातची पळी काढून वाढप्याकडे देतात. म्हणजे आपली पंगतच की! पंगतीच्या सोवळ्यात जातीचा विटाळ होता, तो नकोच. पण उष्टा हात वाढपात नको, हे शहाणपण मात्र टाकण्यासारखे नाही. आपला तारवटी पगार बुडेल म्हणून दुखणे लपवणार नाही, एवढी हमीही त्याला मिळायला हवी.