विजेची ट्राम आणि अलिबागचे आकाश

मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणायचे ठरले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे मोठा पेच पडला. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद तेथे १८४० च्या दशकापासून होत होती. आता विजेच्या प्रवाहाने चुंबक विनाकारण हलणार, आणि ही ढवळाढवळ गाळून टाकील अशी चाळणी कोणाजवळच नव्हती! तेव्हा संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत हे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेण्यात आले. १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवून त्या ताडून पाहिल्या. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली.

या नोंदीही एका परीने छायाचित्रेच होती बरं का! चुंबकाच्या आरशावरून परतलेला किरण फिरत्या नळकांड्यावरील फोटोच्या कागदावर रेघ काढी.

आज त्याच किनाऱ्यावर हौशी मंडळी तेजोमेघांची छायाचित्रे घेतात. मृग नक्षत्रातला तेजोमेघ फोटोत तांबडा दिसतो, तो मुख्यतः हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटरच्या लहरींमुळे. पण बाजारातला कॅमेरा माणसांचे चेहरे नीट यावेत म्हणून बनवलेला. त्याच्या आतली एक काच हा तांबडा प्रकाश बराचसा अडवते. म्हणून ती काच काढून टाकतात आणि नेमक्या त्याच लहरी आत सोडणारा फिल्टर लावतात. दिव्यांचा बहुतेक उजेड बाहेर राहतो, तेजोमेघ उमटतो.

मग चाळणी सापडली म्हणायची का? सापडली, पण अर्धीच. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड मुख्यतः थोड्याच लहरींत असे. तो वगळणे त्या मानाने सोपे. पांढऱ्या एलईडीचा उजेड मात्र सगळ्या रंगांत पसरतो. देवयानी दीर्घिका तर ताऱ्यांचीच बनलेली, आणि ताऱ्यांच्या प्रकाशातही सगळेच रंग. दोघांचे रंग एकच झाले, तर फिल्टरने अडवायचे कोणाला?

१९०४ साली अलिबागला जाण्याची सोय होती. आज मुंबईचा उजेड अलिबागहून उत्तरेच्या क्षितिजावर दिसतो, आणि किनाऱ्यावरची हॉटेले, बंगले त्यात आपली भर घालतात. दर वेळी आणखी दक्षिणेला किती सरकायचे? त्यापेक्षा आपल्या अंगणातल्या दिव्याला वरून झाकण घालावे, त्याचे तोंड जमिनीकडे करावे, आणि काम झाले की तो मालवावा. एवढे केले तर कॅमेरा नसलेल्या मुलालाही आकाशगंगा दिसेल.