मारुतीचं शेपूट

नाकाचा वाकडा पडदा सरळ करून घेतलेल्या कुणालाही विचारा, ऑपरेशन त्याला आठवत नाही. भूल दिलेली असते. आठवतं ते पॅकिंग काढणं! माझं दुसऱ्या दिवशी काढलं. डॉक्टर पट्टी ओढताहेत आणि ती येतेच आहे, येतेच आहे... मारुतीचं शेपूट नुसतं. एवढं कापड आपल्या नाकात मावलं तरी कुठे, असं वाटून मी बघतच राहिलो.

घरी आलो तर मावशीचा फोन. तिचा पहिला प्रश्न, "पडद्याबरोबर आतलं मांस तर नाही ना रे कापलं?" मी हसलो. मावशीचं नाक हा आमच्याकडे गेली कित्येक वर्षं चेष्टेचा विषय आहे. ते पुढे येईलच.

मग नाक बंद, तोंड उघडं आणि झोपेचा पत्ता नाही, अशा अवस्थेत पडल्या पडल्या या पट्टीचा इतिहास वाचत बसलो आणि थेट १८९५ सालच्या व्हिएन्नात जाऊन पोचलो.

तिथे एम्मा एकस्टाईन नावाची तीस वर्षांची बाई होती. तिला पोटाचा आणि पाळीचा त्रास होता, मनही थाऱ्यावर नव्हतं. तिचे डॉक्टर होते सिगमंड फ्रॉईड, तेव्हा फारसे प्रसिद्ध नसलेले. फ्रॉईडचे जिवलग मित्र विल्हेल्म फ्लीस हे बर्लिनचे नाक-घशाचे डॉक्टर. नाकाचा आणि स्त्रीच्या जननेंद्रियांचा थेट संबंध असतो, नाकावर उपचार केले की तिकडचं दुखणं बरं होतं, असा फ्लीस यांचा सिद्धांत होता. आज हसू येतं, पण फ्रॉईडचा त्यावर पूर्ण विश्वास होता. फ्लीस व्हिएन्नाला आले, त्यांनी एम्माच्या नाकातल्या एका हाडाचा तुकडा कापून काढला आणि ते बर्लिनला परत गेले. अशा मोठ्या ऑपरेशनचा त्यांना फारसा अनुभव नव्हता.

त्यानंतर एम्माचा चेहरा सुजला. दुखणं थांबेना, नाकातून घाण वास यायचा, मधूनच रक्त यायचं. शेवटी फ्रॉईडनी रोझानेस नावाच्या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. ते नाक साफ करत असताना एक धागा हाताला लागला. त्यांनी तो ओढला. आणि आली की हो पट्टी! निदान अर्धा मीटर आयोडोफॉर्मची पट्टी आत तशीच राहिलेली होती. पाठोपाठ रक्ताचा असा लोंढा आला की एम्मा पांढरीफटक पडली, नाडी लागेना. रोझानेस यांनी भराभर नवी पट्टी कोंबून रक्त थांबवलं म्हणून ती वाचली. फ्रॉईडना मात्र गरगरायला लागलं, ते शेजारच्या खोलीत पळाले. कोन्याकचा घोट घेऊन परत आले, तेव्हा पडल्या जागेवरून एम्माने त्यांना टोमणा मारला. बलवान म्हणतात ते पुरुष हेच का, अशा अर्थाचा. मरता मरता वाचलेल्या बाईने! मला ती तिथेच आवडून गेली.

हे सगळं फ्रॉईडनी ८ मार्च १८९५ च्या पत्रात स्वतःच फ्लीसना कळवलं आहे. आपण तिच्यावर अन्याय केला, तिच्या तक्रारीत खोटं काही नव्हतं, हेही त्यात आहे. मात्र त्याच पत्रात मित्राची समजूतही काढली आहे, की असा अपघात कितीही सावध सर्जनच्या हातून होऊ शकतो.

इथवर ठीक होतं. चुका होतात. पण वर्षभरातच, १८९६ च्या पत्रांमध्ये सूर बदलला. एम्माचं रक्त जात होतं ते हिस्टेरियामुळे, कुणीतरी आपल्याकडे लक्ष द्यावं या ओढीमुळे, असं फ्रॉईड लिहायला लागले. पट्टी गेली कुठे? अर्धा मीटर कापड डोळ्यांनी बघितलेला माणूस म्हणतो, तिच्या मनातच काहीतरी आहे!

१९५० साली ही पत्रं पुस्तकरूपाने आली तेव्हा एम्माची हकीकत गाळलेली होती. १९६६ मध्ये मॅक्स शूर यांनी ती प्रथम उघड केली आणि पूर्ण पत्रं छापली गेली १९८५ मध्ये. एम्माचा चेहरा कायमचा बिघडला तो बिघडलाच. पुढे ती स्वतः मनोविश्लेषणाचं काम करायला लागली. १९२४ मध्ये ती वारली.

नाकाची शस्त्रक्रिया त्यानंतर खूप सुधारली. आधी पडद्याचा बाहेर आलेला भाग वरच्या त्वचेसकट कापत, मग पडद्याला भोकं राहत. १९०२ मध्ये शिकागोचे फ्रीअर आणि १९०४ मध्ये जर्मनीचे किलियन यांनी आवरण शाबूत ठेवून आतली कूर्चा काढायची रीत मांडली. वर आणि पुढे कूर्चेची पट्टी राखली नाही तर नाकाचा दांडा खचतो, हेही कळलं. १९७८ मध्ये टॉड यांनी जंतूंच्या विषाने होणाऱ्या 'टॉक्सिक शॉक'चं वर्णन केलं आणि पुढच्या काही वर्षांत नाकातल्या पॅकिंगमुळेही क्वचित तो होतो हे दिसून आलं. म्हणून तर पट्टी लवकर काढतात.

आणि १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी आणखी एका गोष्टीला नाव दिलं, 'एम्प्टी नोज सिंड्रोम', म्हणजे रिकाम्या नाकाचं दुखणं. आपण ज्याला 'वाढलेलं मांस' म्हणतो ते बहुतेक वेळा टर्बिनेट असतं. पडद्याच्या ऑपरेशनबरोबर तेही अनेकदा थोडं कापतात. बहुतेकांना त्याने बरंच वाटतं. पण क्वचित कुणाचं नाक आतून मोकळं दिसतं आणि तरी त्याला श्वास घेतल्यासारखंच वाटत नाही. कारण हवा आत आल्याचं आपल्याला कळतं ते नाकातल्या आवरणाला लागणाऱ्या गारव्यामुळे. (व्हिक्स हुंगल्यावर नाक उघडल्यासारखं वाटतं ते म्हणूनच, प्रत्यक्षात ते फारसं उघडलेलं नसतं.) ते आवरण आणि त्यातल्या नसा गेल्या की गारवा लागत नाही. यावर अजून सगळ्या डॉक्टरांचं एकमत नाही. पण तपासायची एक पद्धत अगदी साधी आहे. ओल्या कापसाचा बोळा नाकात ठेवून बघायचा. नाक थोडं बुजवल्यावर श्वास सुधारल्यासारखा वाटला तर शंका बळावते.

हे वाचलं आणि मी उठून बसलो. पडद्याच्या आणि मांसाच्या ऑपरेशननंतर मावशी नेमकं हेच सांगत होती. "नाक मोकळंय, पण श्वास पोचत नाही रे." ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांनी सांगितलं, सगळं उत्तम आहे, मन रमवा. आम्हीही तेच म्हणालो. ती नाकाशी ओला रुमाल धरून बसायची त्याची नक्कल मी लग्नाकार्यात करून दाखवलेली आहे आणि लोक पोट धरून हसलेले आहेत. ते सगळे हे वाचत असतीलच.

तिला हाच आजार आहे असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण ओला रुमाल ती उगाच धरत नव्हती, एवढं मला आता कळतंय.

मावशी, काल फोनवर हसलो त्याबद्दल आणि त्या नकलांबद्दल सॉरी. पुढच्या आठवड्यात मला डॉक्टरांनी परत तपासायला बोलावलंय. तूही चल. तो ओला रुमाल घेऊन ये आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांग. या वेळी मी मध्ये बोलणार नाही.