रेघा, बहुमत आणि एकटा माणूस

समाजमानसशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच सॉलोमन ॲश भेटतो. १९५० च्या सुमारास अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात शिकवणाऱ्या या प्राध्यापकाचा प्रयोग पोरखेळ वाटावा इतका साधा. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. पहिलीएवढी लांब कोणती, तेवढं मोठ्यानं सांगायचं. सात-आठ कॉलेजकुमार रांगेनं उत्तरं देतात. दोन फेऱ्या बिनबोभाट पार पडतात. तिसरीत पहिला मुलगा भलतीच रेघ सांगतो. दुसराही तीच. तिसराही. हे सगळे पढवून बसवलेले. खरा परीक्षार्थी एकच, आणि त्याची पाळी जवळजवळ शेवटी.

एकट्यानं करताना या कामात शंभरात एकही चूक होत नसे. इथं मात्र कसोटीच्या फेऱ्यांतली जवळपास ३७ टक्के उत्तरं बहुमताच्या मागं गेली. क्रमिक पुस्तकं हा आकडा देतात, माणूस कसा मेंढरासारखा वागतो ते सुचवतात आणि पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मला हे अन्यायाचं वाटतं. बाकीची ६३ टक्के उत्तरं बरोबर होती. सुमारे पाव हिस्सा मुलं तर एकदाही बधली नाहीत. न बधणाऱ्यांबद्दलही ॲशला तितकंच कुतूहल होतं.

बधलेल्यांशी तो नंतर बोलला. कुणाला वाटलं होतं, इतके जण म्हणताहेत म्हणजे आपलंच चुकत असणार. कुणाला बरोबर उत्तर दिसत होतं, पण चारचौघांत वेगळं पडायचं नव्हतं. मॉर्टन डॉइच आणि हॅरल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये या दोन ओढी वेगळ्या करून दाखवल्या आणि आजही या विषयाची मांडणी त्याच भेदावर होते. हे सगळं अमेरिकी तरुणांपुरतंच खरं का? पुढे सतरा देशांतले असे प्रयोग एकत्र ताडून पाहिले गेले, तेव्हा समूहाला अधिक मान देणाऱ्या समाजांत झुकणं जास्त आढळलं. अमेरिकेत ते काळानुसार घटलेलंही दिसलं.

नव्या वाचकाला माझी शिफारस मात्र ॲशच्या एका आडबाजूच्या फेरीची. परीक्षार्थीला खरं बोलणारा एक साथीदार दिला की बहुमताचा जोर एकदम ओसरायचा. झुकण्याचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्यावर यायचं. मग ॲशनं त्या साथीदाराला मध्येच बहुमताच्या बाजूला वळवलं. चुका लगेच उसळल्या. दुसऱ्या खेपेस साथीदार डीनना भेटायचंय म्हणून खोलीतून निघून गेला. परीक्षार्थी पुन्हा एकटाच उरला, समोर तीच एकमुखी मंडळी. चुका वाढल्या खऱ्या, पण साथीदार फितूर झाल्यावर वाढल्या होत्या तितक्या नाहीत. एकटेपणा दोन्हीकडे सारखाच असताना हा फरक कुठून आला, हा प्रश्न घेऊन या विषयात शिरावं.